अकराचं रीडिंग

परवा तुम्ही दोघांनी तुमच्या छपराचा फोटो पाठवलात. काळीभोर चकचकीत पॅनेलं, आणि खाली निरोप, की आजी, आमचा इन्व्हर्टर आपोआप शोधून काढतो उन्हातून जास्तीत जास्त वीज कशी ओढायची ते. मी उत्तरात फक्त 'छान' लिहिलं. तुम्हाला वाटलं असेल आजीला कळलं नाही. मला ते तुमच्या जन्माआधीपासून कळतं.

फरीदाबादच्या घराच्या गमती मी तुम्हाला लहानपणी सांगितल्या आहेत. पंख्याची पवनचक्की, चहातली साखर. तुम्ही पोट धरून हसायचात. त्या गोष्टी मी नेहमी एका ठरावीक जागी थांबवत असे. आता तुम्ही मोठे झालात, आणि अर्धवट सोडलेली फाइल मला नोकरीतही कधी सहन झाली नाही. म्हणून पूर्ण लिहिते. एखादा मराठी शब्द अडला तर बाबांना विचारा.

आजोबा निवृत्त झाले तेव्हा दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी घर सोडावं लागलं. फरीदाबादला एका दुमजली घराचा खालचा मजला आम्ही भाड्याने घेतला. घरमालक मराठी निघाले याचा केवढा आनंद झाला होता! ते वरच्या मजल्यावर राहायचे म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव 'वरचे' पडलं. सडपातळ बांधा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशात पेनाच्या जागी टेस्टर. विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली होती. हे लक्षात ठेवा, मोटारी.

पहिल्याच दिवशी, ट्रकमधून आमचं कपाट उतरत असताना, ते अंगणातली पाण्याची नळी घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"मॅडम, इथे अंगठा ठेवा."

मी ठेवला. तेव्हा मला त्यांचा स्वभाव माहीत नव्हता.

"नळी पूर्ण उघडी सोडली तर पाणी भरपूर, पण पायाशी पडतं. पूर्ण दाबली तर जोर भरपूर, पण पाणीच नाही. मध्ये कुठेतरी एक जागा आहे, तिथे दाबलं की पाणी थेट त्या कुंडीत. पॅनेलचं हेच आहे. ती जागा सापडली तर वीज, नाहीतर नुसती काच. आणि ती एका जागी राहत नाही. ढग आला, ऊन वाढलं, काच तापली, की सरकते."

"मग काय करायचं हो?"

"थोडं ढकलायचं आणि बघायचं. वाढलं तर तिकडेच आणखी ढकलायचं. घटलं तर मागे यायचं. दिवसभर हेच."

कुंडीत पाणी पडलं, माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली, आणि ट्रकवाला म्हणाला, "अंकलजी, अलमारी भी भिगो दो!"

थोडं ढकलून बघायचं, हा त्यांच्या आयुष्याचा नियमच होता. आमच्याकडे बसायला आले की टेबलफॅन बोटभर डावीकडे सरकवत, डोळे मिटत, मग बोटभर उजवीकडे. चहात रोज थोडी साखर कमी घालायला लावत आणि जिभेला कळलं की एक पायरी मागे येत. आमटीतलं मीठही त्यांनी असंच ठरवलं होतं. टूथपेस्टची ट्यूब कात्रीने उभी कापत. "शेवटचा थेंबसुद्धा राहता कामा नये," हे त्यांचं वाक्य. आजोबा त्यांची नक्कल फार छान करायचे.

गच्चीवर चार पॅनेलं होती, एका लोखंडी खांबावर बसवलेली. खांब फिरायचा. खाली गोल चकती, तिच्यावर लाल ऑइलपेंटने खुणा, सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत दर अर्ध्या तासाची एक. अर्धा तास झाला की हँडल धरून पॅनेलं पुढच्या खुणेवर आणायची, म्हणजे ती कायम सूर्याला सामोरी राहायची. फिरवायचं काम त्यांच्या बायकोचं.

मी तिला ताई म्हणत असे आणि ती मला बाई. मूळची तासगावकडची, सातवीपर्यंत शिकलेली. तिच्या कमरेला किल्ल्यांच्या जुडग्यासारखं एक छोटं घड्याळ अडकवलेलं असे. अर्धा तास झाला की ते चिरकायचं. मग ती हातातलं काम टाकून जिना चढायची. कणीक अर्धी मळलेली असो, नाहीतर डोक्यावरून न्हायलेली असो. फरीदाबादचं पाणी जड, काचेवर पांढरे डाग पडतात, म्हणून पॅनेलं पुसायला फिल्टरचं पिण्याचं पाणी लागे. बादली वर न्यायचं काम तिचंच. दुपारी काच तापली की वीज घटते, म्हणून ओल्या फडक्याने पॅनेलांची पाठ पुसायची. तेही तिचंच.

शेजारच्या गच्चीवर एक पंजाबी शेजारीण लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवायला यायची. ती ओरडायची, "ओ सूरजमुखी भाभी! आज किधर मुँह है?" ताई हसायची. तोंडावर पदर घेऊन, आवाज न करता हसायची.

एकदा आजोबांनी वरच्यांना विचारलं, "अहो, तुम्ही मोटारवाले माणूस. खांबाला एक छोटी मोटार का नाही लावत? वहिनींचे हेलपाटे वाचतील."

वरच्यांनी आजोबांकडे अशा नजरेने पाहिलं की जणू त्यांनी पॅनेलवर थुंकायला सांगितलं.

"साहेब, मोटार वीज खाते. मिळवायचं आणि तिलाच घालायचं? आमची ही काही खात नाही."

"खाते की," ताई म्हणाली. "दोन वेळा."

सगळे हसलो. मीही हसले. ही गंमत मी तुम्हाला कितीदा सांगितली असेल.

पवनचक्कीची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून थोडक्यात सांगते. जुन्या छताच्या पंख्याची त्यांनी चक्की केली होती. ती बहुतेक वेळा नुसती उभी असायची, कारण आमच्या गल्लीत वाराच नव्हता. फक्त मे महिन्यात लू, म्हणजे गरम वारं, सुटली की ती भणभणायची आणि धुळीची आंधी आली की उडून जायच्या बेतात यायची. तेव्हा तिला दोरीने बांधावं लागे. आकाश पिवळं झालं की वरचे खिडकीतून ओरडायचे, "दोरी! दोरी!" पाहुणे आले की तुम्ही सोफ्यावर उभं राहून हेच ओरडायचात. दोरी बांधायला कोण जायचं, हे तुम्ही कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

एक गोष्ट त्यांच्या बाजूचीही लिहायला हवी. उन्हाळ्यात गल्लीत वीज तासन्तास जायची. तेव्हा वरचे जिन्यात प्लगची पट्टी काढून ठेवत आणि सगळी गल्ली येऊन फोन चार्ज करून जाई. कोणालाही नाही म्हणत नसत. आजोबांना दमा होता. त्यांचं वाफेचं मशीन आणि आमचा पंखा त्याच विजेवर चालायचा. ती वीज आम्हीसुद्धा वापरली. दिवसातून पंचवीस वेळा जिन्यावर पावलं वाजायची आणि आम्ही खाली पंख्याखाली बसून पेपर वाचायचो.

आता माझ्याबद्दल. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. छत्तीस वर्षं मंत्रालयात नोंदी लिहिल्या, टिपणं लिहिली, आणि अचानक रिकामी झाले. एक दिवस वरच्यांनी माझी वाणसामानाची यादी पाहिली.

"मॅडम, हे तुमचं अक्षर? छापल्यासारखं आहे हो!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक जाड रजिस्टर आणून दिलं. रोज अकरा आणि तीन वाजता गच्चीवर जायचं, त्यांनी स्वतः बनवलेल्या डब्यावरचा आकडा बघायचा आणि लिहायचा. ते स्वतः लिहीत नसत, कारण घरच्या माणसाने लिहिलेल्या आकड्यावर कोण विश्वास ठेवणार? मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! मी पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, आकाश, वारा, वॅट. शेवटचा रकाना मी माझ्या मनाने जोडला, रिमार्क्स. माझ्या शाळेतल्या नन म्हणायच्या, जे दिसतं ते लिहा, जे वाटतं ते लिहू नका. मी तसंच लिहीत असे, इंग्रजीत, शाईच्या पेनाने. 'लाइट डस्ट.' 'हेझ.' 'ग्लास वाइप्ड.'

त्या एप्रिलच्या शेवटी ताईच्या मोठ्या बहिणीचा तासगावहून फोन आला. आई लहानपणी गेल्यावर ताईला याच बहिणीने वाढवलं होतं. ती अंथरुणाला खिळली होती आणि तिचं एकच म्हणणं होतं, एकदा येऊन जा. ताईने माझ्यादेखत विषय काढला.

"मे महिन्यात?" वरचे म्हणाले. "मे म्हणजे आपली सुगी. एक महिना सलग नोंद पाहिजे, एकही आकडा चुकलेला नको. पुढच्या महिन्यात आमच्या जुन्या कारखान्यातले इंजिनिअर लोक बघायला येणार आहेत. ढग आले की जा की, कोण नको म्हणतं?"

"पंधरा दिवस फक्त," ताई म्हणाली. "आठ तरी."

"आणि फिरवणार कोण? मला तर वाकता येत नाही, कंबर अशी." मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही फिरवाल का? तशाही वर येताच."

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिने तोंडाने काही मागितलं नाही. तिचे हात पदराच्या टोकाशी चाळा करत होते आणि ती माझ्याकडे पाहत होती.

मी म्हटलं, "माझे गुडघे हो... बघते."

माझ्या गुडघ्यांना तेव्हा काहीही झालेलं नव्हतं. मी रोज सकाळी पार्कात चार फेऱ्या मारत होते. पण अर्ध्या अर्ध्या तासाने उठायचं, माझी दुपार मोडायची, माझं वाचन मोडायचं. मी नोंद ठेवणारी होते, हँडल फिरवणारी नव्हते. मनात अगदी याच शब्दांत आलं.

जिन्यात ताई मला म्हणाली, "राहू द्या बाई. मनाला लावून घेऊ नका. ढग आले की जाईन."

त्यानंतर तीन आठवडे रोज ती आकाशाकडे बघायची. लू सुटलेली, आभाळ राखेच्या रंगाचं. शेजारीण विचारायची, "क्या ढूँढ रही हो, सूरजमुखी?" ती म्हणायची, "बादल."

त्या दिवशी अकराला पाच कमी असताना मी छत्री आणि रजिस्टर घेऊन वर गेले. डब्यावरचा आकडा रोजच्यापेक्षा बराच कमी होता. मी चकतीकडे पाहिलं. पॅनेलं साडेनवाच्या खुणेवर होती. दोन खुणा चुकल्या होत्या. बादली पॅनेलांपाशी, अर्धी भरलेली.

"ताई!" मी एकदा हाक मारली. एकदाच. उत्तर आलं नाही. पाण्याच्या टाकीमुळे गच्चीचा पलीकडचा कोपरा दिसत नव्हता. दहा पावलं चालले असते तर दिसला असता. ऊन फार होतं आणि गॅसवर दूध होतं. खरं सांगायचं तर मला काळजी वाटली नाही, राग आला. एकवीस दिवस स्वच्छ चाललेलं माझं पान बिघडलं, याचा राग. वाटलं, बहिणीच्या फोनवर बसली असेल खाली.

मी पेन उघडलं आणि रिमार्क्समध्ये लिहिलं, 'पॅनेल नॉट रोटेटेड.' पुढे फुलस्टॉप दिला. हँडलला हात लावला नाही, कारण ते माझं काम नव्हतं. आणि खाली जाऊन दूध बघितलं.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना शेजारीण किंचाळली. ती बरण्या फिरवायला वर आली होती आणि तिच्या गच्चीवरून तो कोपरा दिसत होता.

ताई टाकीच्या पलीकडे पडली होती. हातात ओलं फडकं होतं, ते वाळून कडक झालं होतं. सकाळी टाकीची सावली त्या बाजूला पडते. चक्कर आली म्हणून ती सावलीत बसली असणार. मग सूर्य वर चढला आणि सावली तिच्या अंगावरून निघून गेली. कमरेचं घड्याळ चालूच होतं. आम्ही तिला उचलत असताना ते चिरकलं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने विचारलं, "कितनी देर से पड़ी थीं? किसने देखा, कब?"

वरचे नुसते उभे होते. थोडं ढकलून बघणारा माणूस, त्याला काय करावं कळत नव्हतं. मी पुढे झाले. अशा वेळी मीच पुढे होते.

"पौने बारा के आसपास देखा," मी म्हटलं.

"उससे पहले कोई ऊपर नहीं गया?"

मी म्हटलं, "नहीं."

ती तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. तासगावला फोन आजोबांनी केला. बहीण पलंगावरून विचारत होती, गाडीत बसली का ती?

तेरावा झाल्यावर वरचे खाली आले. खिशात टेस्टर नव्हता. म्हणाले, "मॅडम, रजिस्टर द्या जरा." मी दिलं. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. ते आमच्या सोफ्यावर बसले आणि टेस्टरने वायर तपासावी तसं बोट एकेका ओळीवरून खाली आणत गेले. त्या दिवसाच्या ओळीवर बोट थांबलं. तारीख, वेळ, आकाश स्वच्छ, वारा पश्चिमेचा, वॅट, रिमार्क्स. त्यांना इंग्रजी चांगलं वाचता येत होतं.

आजोबा आतल्या खोलीत खोकत होते.

"अकराचं रीडिंग खरं आहे ना?" त्यांनी विचारलं.

"खरं आहे."

"तुम्ही स्वतः घेतलंत?"

"हो."

त्यांनी रजिस्टर मिटून माझ्या हातात परत दिलं आणि वर गेले. आम्ही दोघं त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. ते मला ओरडले असते तर मीही ओरडले असते, मोटार का लावली नाहीत म्हणून. माझ्याकडे उत्तर तयार होतं. त्यांनी मला ते वापरू दिलं नाही.

तुमच्या बाबांनी नंतर एकदा कागदावर मांडून मला दाखवलं, की अर्ध्या अर्ध्या तासाला फिरवायची गरजच नव्हती. दिवसातून तीन-चार वेळा फिरवलं असतं तरी जवळजवळ तेवढीच वीज मिळाली असती. साखर, मीठ, पंखा, सगळं ढकलून बघणाऱ्या माणसाने ही एक गोष्ट कधी ढकलून बघितली नव्हती. आणि सगळे आकडे माझ्याच रजिस्टरमध्ये असून मीही कधी विचारलं नव्हतं. मला बेरजा यायच्या.

पावसाळा संपल्यावर एक दिवस गच्चीवरून खर्र असा आवाज आला. अर्ध्या तासाने पुन्हा आला. संध्याकाळी वरचे आमच्या दारात उभे राहिले. दाढी वाढलेली, शर्टाला ग्रीस.

"मॅडम, मोटार बसवली."

मी दार पूर्ण उघडलं.

"आठवडाभर मोजलं," ते म्हणाले. "सगळ्या बाजूंनी मोजलं. चार वॅट खाते." त्यांनी उजव्या हाताची चार बोटं वर केली आणि ती खाली घ्यायला विसरले. "फक्त चार हो, मॅडम."

मग ते म्हणाले, "लिहून ठेवता का? रिमार्क्समध्ये."

मी आत गेले, रजिस्टर काढलं, पेनात शाई भरली. तारीख घातली. चार आकडा लिहिला, पुढे वॅट लिहिलं. ते दारातच उभे होते, बोटं तशीच. मी ओळीवर टिपकागद दाबला, शाई पसरू नये म्हणून.

ते रजिस्टर अजून माझ्याकडे आहे. अक्षर कुठेही हललेलं नाही.